वहिनींचं दुखणं, माझ्या तोंडून

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही — सगळा संसार झाला, तिला माझं घोरणं ठाऊक, माझा भित्रेपणा ठाऊक, पण हे नाही. दादांना तर नाहीच नाही. आणि आता तुम्हाला सांगायला बसलोय. म्हाताऱ्या माणसाला आता कुणाची भीती? दादा गेले, वहिनी गेल्या, डॉक्टरही एव्हाना गेले असतील. कान धरायला कुणी येणार नाही. तरी भीती वाटते, आणि ती खरी भीती आहे.

विषय अवघड जागेचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. आपल्यात म्हण आहे ना — अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर. लोक हसतात या म्हणीला. माझ्यासमोर कुणी म्हटली की मी उठून आत जातो. घरातल्यांना वाटतं, म्हातारा सोवळा आहे.

सोवळा कसला!

आम्ही हैदराबादेत, जामबागेत राहायचो. खालाबी म्हणून एक घरमालकीण होत्या, त्यांच्या घराच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या आणि पडवी. दादा माझ्यापेक्षा बरेच मोठे. वडील लवकर गेले, तेव्हा वडील म्हणजे दादाच. महसूल खात्यात नोकरी, उर्दूत शिकलेले, शिस्तीचे कडक. त्यांनी कधी हात उगारला नाही. नुसता चष्मा काढून पुढ्यात ठेवला की माझ्या पाचावर धारण बसायची. वहिनी परभणीकडच्या. वयानं माझ्याहून जराशाच मोठ्या, पण माझं जेवणखाण, कपडे, परीक्षेच्या दिवसांतला पहाटेचा चहा, सगळं त्यांनी केलं. त्यांच्या हातचं खाऊन मी शिकलो आणि मास्तर झालो. मास्तर! पोरांना सांगायचो, खोटं बोलू नये.

मग राज्य तुटलं. हैदराबाद स्टेटचे तुकडे झाले — मराठी मुलूख मुंबई राज्याला गेला, कानडी म्हैसूरला, आणि आम्ही राहत होतो ते शहर आंध्रात. कचेऱ्यांतली मराठी माणसं टेबलं रिकामी करायला लागली. कुणाला तिकडे धाडलं, कुणी इथंच राहिलं, कुणाचं काही ठरेचना. दादांच्या वाट्याला औरंगाबाद आलं. पण तिथं जागा मिळेना, अर्धं हैदराबाद तिथं जाऊन घर शोधत होतं. तेव्हा असं ठरलं की दादांनी पुढं व्हायचं, जागा लागली की वहिनींना न्यायचं. माझी शाळा इथंच होती, मी इथंच राहणार होतो. काचीगुड्याच्या स्टेशनावर गाडी हलली तेव्हा दादा खिडकीतून एवढंच म्हणाले, "हिला तुझ्यावर सोपवून चाललोय." मला किती अभिमान वाटला होता तेव्हा! छाती फुगवून घरी आलो.

आता माझं स्वतःचं दुखणं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

त्याच्या आदल्या वर्षी मला तसल्या जागी दुखायला लागलं होतं. शौचाला बसलं की काच कापत निघाल्यासारखं व्हायचं. डोळ्यांतून पाणी. आणि नंतर तासभर अशी आग, की जणू मिरची वाटलेल्या हातानं कुणी जखम चोळली. भीतीनं मी जेवण कमी केलं, जायचं टाळायला लागलो, त्यानं मळ आणखी कडक, पुन्हा जखम, पुन्हा आग. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे. कुणाला सांगू? ओळखीचे डॉक्टर दादांबरोबर पान खाणारे. शेवटी नारायणगुड्याला एक नवा दवाखाना निघाला होता तिथं गेलो. डॉक्टर सुब्बाराव. गुंटूरकडचे, इंग्रजी आणि तेलुगू बोलणारे, उर्दू मोडकंतोडकं. आमच्या गल्लीत त्यांना कुणी नावानं ओळखायचं नाही. 'तो गैरमुल्की' म्हणायचे, म्हणजे बाहेरून आलेला उपरा. त्या वेळी सगळ्यांच्या मनात हाच राग होता, की हे किनाऱ्याकडचे लोक आले आणि आमच्या खुर्च्या गेल्या. तिथं ओळखीचं कुणी भेटणार नाही, म्हणून तर मी तिथं गेलो.

आणि काय सांगू, त्या माणसानं मला इतकं नीट वागवलं! मी खाली मान घालून पुटपुटत होतो. ते तेलुगू रीतीनं, आदरानं म्हणाले, "मास्टर गारू, डोळा दुखला असता तर असंच पुटपुटला असता का?" तपासलं, आणि समजावून सांगितलं — मला, एका पोरसवदा मास्तराला. म्हणाले, तुम्हाला बारीक चीर पडलीय. चीर असली की शौचाच्या वेळी फाडल्यासारखं होतं, मग काही वेळ आग होते आणि थांबते. नुसतं रक्त पडतं आणि दुखत नाही, ती बहुतेक मूळव्याध. पण उठता-बसता, रात्रंदिवस ठणकत असेल, बसवत नसेल, अंगात ताप असेल, तर आत पू झालाय असं समजायचं, आणि तिथं मलमाचं काही काम नाही. मला त्यांनी ऊन पाण्यात बसायला सांगितलं, मलम दिलं, इसबगोल दिलं, पाणी भरपूर प्यायला आणि जायचं टाळू नको म्हणून बजावलं. पंधरवड्यात मी खडखडीत बरा. घंगाळात ऊन पाणी रोज वहिनी काढून ठेवायच्या. एका शब्दानं विचारलं नाही, की भाऊजी, हे कशासाठी.

म्हणजे बघा — मला फरक माहीत होता. अडाणी होतो, कळलं नाही, असं म्हणायची सोयच माझ्याकडे नाही.

दादा जाऊन काही आठवडे झाले होते. शाळेला निघालो होतो, तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराआडून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला मागं झालं होतं ना... तसलंच काहीसं झालंय मला. त्या जागी. पण —"

"कळलं, कळलं," मी म्हणालो. आणि चपला पायात सरकवल्या.

त्यांना पुढं सांगायचं होतं. त्या किती दिवस मनाची तयारी करत असतील, तेव्हा कुठं दिरापुढं एवढं तोंडातून निघालं असेल! आणि मी काय केलं? कानावर हात ठेवल्यासारखं केलं. लाजेनं माझे कान तापले होते. ज्या बाईला आई मानलं तिच्या त्या जागेबद्दल ऐकायचं, आणि वर विचारायचं, की रक्त पडतं का, कधी दुखतं, सूज आहे का — छे! माझ्यानं ते होण्यासारखं नव्हतं.

त्या काळी आमच्यासारख्या घरांतल्या बायका दवाखान्यात जात नसत. त्यांचं दुखणं जायचं, घरातल्या पुरुषाच्या तोंडून. नवऱ्यानं, दिरानं, भावानं जाऊन लक्षणं सांगायची आणि पुड्या, बाटली घेऊन यायची. खोकलापडसं असलं तर चालूनही जायचं. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. तसाच मी त्या संध्याकाळी सुब्बाराव डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. दुखणं कधी होतं? मी म्हणालो, शौचाच्या वेळी. नंतर? नंतर तासभर आग, मग थांबतं. रक्त? थोडंसं, रेघेसारखं. मी थांबत नव्हतो. विचारलं की उत्तर तयार! असणारच, कारण ते सगळं माझंच होतं. वहिनींच्या दुखण्याच्या जागी मी माझं आदल्या वर्षीचं दुखणं सांगत होतो. मला तेव्हा ते खोटंसुद्धा वाटलं नाही — त्याच तर म्हणाल्या होत्या, तसलंच काहीसं.

मग त्यांनी विचारलं, "ताप?"

मी म्हणालो, "नाही."

"तुम्ही त्यांना विचारलंत ना?"

"हो. सगळं विचारलंय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, बाईंना एकदा घेऊन या, नर्स आहे, तीच बघेल, मी पडद्याबाहेर थांबेन. मी ताडकन म्हणालो, आमच्या घरातल्या बायका येत नाहीत. वहिनींना मी विचारलंच नव्हतं. कदाचित आल्याही असत्या. डॉक्टरांनी मग मला दिलं होतं तेच मलम दिलं, तेच सगळं सांगितलं, आणि दारापर्यंत येऊन म्हणाले, "ताप आला, सूज दिसली, दुखणं थांबेना झालं, तर त्याच दिवशी आणा. पू वाट बघत नाही." मी मान हलवली आणि सुटलो एकदाचा म्हणत घरी आलो.

पहिले दोनेक दिवस वहिनी ऊन पाण्यात बसून आल्यावर म्हणायच्या, जरा बरं वाटतंय. मला तेवढंच हवं होतं. मग मी बघायला लागलो. बघायला लागलो म्हणजे — दिसत होतं. त्या बसून भाजी चिरायच्या, त्या आता उभ्यानं चिरायला लागल्या. जेवायच्याही उभ्यानं, ओट्याला टेकून. निजायच्या एका कुशीवर. चालताना भिंतीला हात. आणि भर उन्हाळ्यात एक दिवस शाळेतून आलो, तर अंगावर शाल. मी विचारलं, काय झालं? म्हणाल्या, थंडी वाजतेय जराशी, पडसं असेल. मी म्हणालो, हो, पडसंच असेल.

सांगा, कुणाला फसवत होतो मी? शाल दिसली त्या क्षणी मला कळलं होतं. डॉक्टरांचे शब्द कानात वाजत होते.  मी उठलो, नारायणगुड्याला गेलो, दवाखान्यासमोर जाऊन उभा राहिलो. दार उघडं होतं. डॉक्टर एका पोराचा घसा बघत होते. आत जायचं आणि म्हणायचं, ताप आहे. एवढंच. पण मग ते विचारणार, आधी का नाही म्हणालात? विचारलं होतं ना तुम्ही? आणि मग मी विचारलंच नव्हतं हे बाहेर येणार. मग तेच दादांना कळणार. दादा चष्मा काढून ठेवणार. मी पानाच्या ठेल्याशी उभा राहून हे सगळं मनात घोळवलं आणि परत आलो. वहिनींना काय सांगितलं? डॉक्टर नव्हते म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघालो! हो, निघालो. डबा नव्हता त्या दिवशी, वहिनी उठल्याच नव्हत्या. मी हळूच दार लोटून घेतलं, आणि अंगणात खालाबींनी मला धरलं. त्या वहिनींना रोजच्यासारखी हाक मारून दमल्या होत्या. मला बाजूला सारून सरळ आत गेल्या, वहिनींच्या कपाळाला हात लावला आणि अशा ओरडल्या, "हौला है क्या रे तू? बदन तवे सरीका तप रा, और तू इस्कूल कू जा रा?" हौला म्हणजे खुळा. रिक्षा त्यांनी बोलावली, वहिनींना उचलून त्यांनी बसवलं, मांडीवर डोकं घेऊन मोठ्या सरकारी दवाखान्यात त्याच घेऊन गेल्या. मी मागून पळत गेलो.

तिथल्या सर्जननी बाहेर येऊन सांगितलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. म्हणाले, आधी आणलं असतं तर बारीकसं कापून पू काढून टाकला असता, आठवड्यात घरी गेल्या असत्या. आता तो आत खोल पसरलाय. जीव वाचेल असं वाटतं. पण मळ धरून ठेवणारी जी स्नायूची कडी असते, ती सडत चाललीय. ती पूर्ववत होईल असं मी म्हणणार नाही.

मी भिंतीला टेकून खाली बसलो. वहिनींची काळजी वाटली का? वाटली, खूप वाटली. पण तुम्हाला खरं सांगायला बसलोय तर हेही सांगतो, त्याच्याही आधी मनात आलं ते असं, की आता दादा येणार.

दादा तार मिळताच आले. वहिनी जगल्या. बरेच दिवसांनी घरी आल्या, आतल्या खोलीत कुशीवर पडून असायच्या. आणि गल्लीत तोवर ठरून गेलं होतं, त्या गैरमुल्कीनं घात केला. मी कुणाला तसं सांगितलं नव्हतं. फक्त कुणी म्हटलं तर नाही म्हणत नव्हतो. राग आधीच तयार होता लोकांचा, त्याला फक्त एक माणूस हवा होता, आणि माणूस मी पुरवला.

एका रविवारी सकाळी सुब्बाराव डॉक्टर स्वतःच घरी आले. कुणाकडून तरी ऐकलं असणार. पडवीत दादा होते, खालाबी होत्या, शेजारचे दोघे होते. दादांनी त्यांना बसा म्हटलं नाही. डॉक्टरांनी आधी वहिनी कशा आहेत ते विचारलं. मग माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे, आधी इंग्रजीत आणि मग सगळ्यांना कळावं म्हणून तसल्याच मोडक्या उर्दूत विचारलं, "मास्टर गारू, मी तुम्हाला तापाचं विचारलं होतं. तुम्ही काय म्हणाला होता?"

दादांनी चष्मा काढला.

  सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत. खरं एका शब्दाचं होतं. मी म्हणालो, "सांगितलं होतं. ताप आहे म्हणून सांगितलं होतं मी." आणि तेवढ्यावर थांबलो का? नाही! कुणी विचारलं नसताना पुढं म्हणालो, "तुम्हीच म्हणालात, घाबरायचं काही नाही, मलम लावा."

हाच तो गुन्हा. लाजलो, विचारलं नाही, घाबरून परत आलो, ते सगळं वाईटच. पण ते भेकडपणाचं होतं. हे मात्र मी केलं, डोळे उघडे ठेवून, एका भल्या माणसाच्या तोंडावर.

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांना बहुतेक कळत नव्हतं, की हा मुलगा असं का करतोय.  दादा उभे राहिले आणि म्हणाले, पुन्हा या गल्लीत पाय ठेवू नका. खालाबींनीही दोन शब्द सुनावले. डॉक्टर छत्री उचलून निघून गेले.

मग जे व्हायचं ते झालं. मराठी घरांतून त्यांच्याकडे जाणं बंद झालं, पुढं इतरही कमी झाले. वर्षभरात दवाखान्याला कुलूप दिसलं. कुठं गेले, मी चौकशी केली नाही. मधे एकदा कोठीच्या बसथांब्यावर दिसले होते. त्यांनी मला ओळखलं, दोन पावलं पुढं आले आणि विचारलं, "वहिनी कशा आहेत?" मी म्हणालो, "आपण कोण?" आणि आली त्या बसमध्ये चढलो. ती बस माझ्या घराकडे जाणारीसुद्धा नव्हती.

वहिनी औरंगाबादला गेल्या. त्यांचं पुढचं आयुष्य कसं गेलं ते थोडक्यात सांगतो, जास्त सांगवत नाही. कडी पूर्ववत झालीच नाही. केव्हा काय होईल याचा भरवसा नाही, म्हणून कुठं जायचं तर आदल्या दिवसापासून उपाशी. हळदीकुंकू नाही, पंगत नाही, माहेरी जाणं नाही. लांबचा प्रवास नाही. आणि देव! वहिनींना देवाचं किती होतं — जामबागेत असताना पहाटे न्हाऊन आधी पूजा, मग चूल. त्या दुखण्यानंतर त्यांनी देवघरात कधी पाऊल ठेवलं नाही. आपण स्वच्छ आहोत याची खात्री नाही म्हणून. पूजा दादा करायचे. वहिनी उंबऱ्याबाहेर उभ्या राहून हात जोडायच्या. दिवाळीला मी जायचो तेव्हा मला ते दिसायचं, आणि मी पेपर तोंडासमोर धरायचो. दादा म्हणायचे, "त्या डॉक्टरनं हिचे देव तोडले." प्रत्येक वेळी म्हणायचे. आणि प्रत्येक वेळी माझी नजर वहिनींकडे जायची, या काही बोलतात की काय म्हणून. कारण एक गोष्ट त्यांना नक्की ठाऊक होती. मी त्यांना तापाचं कधी विचारलंच नव्हतं, आणि मला सांगायला निघाल्या तेव्हा मी ऐकलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं. त्यांनी नुसतं 'भाऊजी' म्हटलं तरी मला वाटायचं, आता सांगतात. वर्षानुवर्षं वाटलं. दादा वारले, तेव्हा मी रडलो खूप. पण दहाव्याला घाटावर उभा असताना मनात आलं, सुटलो. माझ्याच मनात आलं ते.

दादांच्या पश्चात वहिनी एकदा हैदराबादला आल्या, माझ्या नातवाच्या मुंजीला. कशा आल्या, किती उपाशी राहून आल्या, देव जाणे. कार्यालयात मात्र आल्या नाहीत. "मी घरी थांबते, तुम्ही जा," म्हणाल्या. मुख्य विधी उरकल्यावर मी घरी आलो, त्या एकट्या नकोत म्हणून. दुपारची वेळ. खुर्चीवर उशी घेऊन त्या बसल्या होत्या. इकडचं तिकडचं झालं. मग माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "ते डॉक्टर आले होते ना आपल्याकडे, त्या दिवशी मी जागी होते, भाऊजी. मधलं दार उघडं होतं."

मी हातातल्या उपरण्याची घडी घालायला लागलो.

"मला तेव्हाच ओरडून सांगावंसं वाटलं होतं. पण ह्यांनी तुम्हाला घराबाहेर काढलं असतं. म्हटलं, पोर घाबरलंय, उद्या सांगेल. मग म्हटलं, परवा सांगेल. मग म्हटलं, दिवाळीला येतील तेव्हा." त्यांनी उशी नीट केली. "दर दिवाळीला मला वाटायचं. त्या डॉक्टरांचा दोष नव्हता, माझ्यामुळं त्यांना कुणाचे शिव्याशाप नको लागायला, म्हणून मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही, बघा. ह्यांना मात्र थांबवता आलं नाही."

एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. थकलेल्या होत्या, आणि वाट बघत होत्या. मला स्पष्ट कळलं, की त्या अजूनही वाट बघताहेत. घरात दुसरं कुणी नव्हतं. दादा नव्हते. कुणाचा चष्मा नव्हता. एक वाक्य बोलायचं होतं. वहिनी, मी खोटं बोललो. बस्स! पोरांना शिकवतो तेवढं सोपं वाक्य.

 

मी उठलो आणि विचारलं, "चहा टाकू?"

वहिनींनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "अर्धा कप."

मी चहा केला. त्या प्यायल्या. मंडळी कार्यालयातून परत आली, घर भरून गेलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. पुढच्या दिवाळीच्या आधीच त्या वारल्या.